जुन्या मोटारींचे प्रदर्शन, लिलाव आणि पन्हाळ्याची फेरी : क्रम कसा ठेवावा?

राजारामपुरीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजी येथील जुन्या मोटारींचे आम्ही काही मालक मिळून येत्या जानेवारीत कोल्हापुरात दोन दिवसांचा मेळावा घेण्याच्या विचारात आहोत. शनिवारी सकाळी दसरा चौकातून शोभायात्रा काढावी, दिवसभर मैदानावर प्रदर्शन मांडावे, सायंकाळी इच्छुकांच्या गाड्यांचा लिलाव करावा आणि रविवारी उरलेल्यांनी पन्हाळ्यापर्यंत गाड्या चालवत न्याव्यात, असा पहिला आराखडा आहे. मात्र त्यावरच आमच्यात दोन तट पडले आहेत. लिलाव असला तरच बाहेरगावचे लोक येतील आणि खर्च निघेल, असे काहींचे म्हणणे आहे. हौसेच्या ठिकाणी पैशाची बोली आली की मेळाव्याचा बाजार होईल, असे इतरांना वाटते.

कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचे अप्रूप आहे, हे वेगळे सांगायला नको. शाही दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोने लुटायला जमलेल्या गर्दीतील निम्म्या माना त्या गाडीकडे वळलेल्या असतात. त्यामुळे प्रेक्षक मिळतील याची काळजी नाही. काळजी आहे ती या तीन गोष्टी एकमेकींना मारक ठरू नयेत याची.

माझा वैयक्तिक प्रश्नही याला जोडूनच आहे. वडिलांनी घेतलेली १९६६ सालची फियाट ११०० डी आमच्याकडे आजही चालू स्थितीत आहे. तिला प्रदर्शनात ‘व्हिंटेज’ म्हणून उभे करता येईल का, आणि त्यासाठी तिची नव्याने नोंदणी करावी लागेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना गिअर

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वर्गवारी ठरल्याशिवाय प्रदर्शन मांडता येत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिवा’च्या वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना व्हिंटेज म्हणतात, त्यापूर्वीच्या, म्हणजे १९०५ ते १९१८ मधील गाड्या व्हेटरन आणि १९३१ ते १९४५ मधील गाड्या उत्तर-व्हिंटेज गटात मोडतात. आपल्याकडील मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात हीच मर्यादा १९४० अखेरपर्यंत धरली होती. केंद्र सरकारने मात्र जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापरातील आणि चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज, अशी सरसकट व्याख्या केली आहे. म्हणजे आपली फियाट सरकारदरबारी व्हिंटेज ठरू शकते, पण संग्राहकांच्या मैदानावर ती युद्धोत्तर ‘क्लासिक’ गाड्यांच्या रांगेत उभी राहील. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. त्या रांगेपुढेच सर्वाधिक गर्दी होते, कारण त्या गाडीत लहानपणी बसलेली माणसे अजून हिंडती-फिरती आहेत.

नव्या नियमांखाली नोंदणी करण्याची घाई मात्र करू नये. त्या नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि ती १० वर्षे चालते. प्रथम नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा असते. आपली जुनी नोंदणी वैध असेल आणि आपण त्या गाडीतून अधूनमधून बाजारहाटही करत असाल, तर १५ वर्षांनंतरचे नेहमीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेळच्या वेळी भरत राहणेच सोयीचे.

आता क्रमाविषयी. माझे मत स्पष्ट आहे : फेरी आधी आणि प्रदर्शन नंतर. कॅलिफोर्नियातील पेबल बीचचे प्रदर्शन १९५० पासून चालू आहे आणि तेथे गाड्यांना आरशासारखी झिलई केलेली असते. तरीही १९९८ पासून त्यांनी मुख्य प्रदर्शनाच्या काही दिवस आधी रस्त्यावरची फेरी ठेवली, आणि एखाद्या गटात दोन गाड्यांना समान गुण पडले तर फेरी पूर्ण केलेल्या गाडीला झुकते माप द्यायचे, असा नियम केला. या एका नियमामुळे ट्रेलरवरून येऊन ट्रेलरवरूनच परत जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर उतरू लागल्या. लंडन ते ब्रायटन ही १९०५ पूर्वीच्या गाड्यांची वार्षिक फेरी तर शर्यतही नाही. सुमारे ९६ किलोमीटर अंतर ठरलेल्या वेळेत पार करणे हेच तेथे भूषण. आपल्या आराखड्यात पन्हाळा रविवारी, ‘उरलेल्यांनी’ जायचा आहे. तो शनिवारी सकाळी ठेवा आणि धुळीने माखलेल्या गाड्या तशाच मैदानावर येऊ द्या.

उद्यमनगर

वरील मताशी सहमत आहे, मात्र मला वेगळी काळजी वाटते. सर्वांना पन्हाळ्याच्या चढाची धास्ती असते, पण जुन्या गाडीला खरे जड जाते ते शोभायात्रेत. या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. ढोल-ताशाच्या मागून पहिल्या गिअरमध्ये सरपटताना फेरे कमी, वारा नाही आणि समोरच्या गाडीचा धूर तेवढा अंगावर. दसरा चौकापासून बिंदू चौकापर्यंतच रेडिएटर उकळू लागतो. शोभायात्रा ठेवायचीच असेल तर ती सकाळी सातला, वाद्यांशिवाय आणि दोन गाड्यांत पुरेसे अंतर ठेवून काढावी. शक्य असेल तर ती वगळावी.

घाटात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चढताना बॉनेटखालच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीत वाफ धरते, पंप कोरडा मारू लागतो आणि गाडी आचके देत थांबते. फियाटचा पंप इंजिनालाच जोडलेला असल्याने तिला हा त्रास लवकर होतो. अशा वेळी स्टार्टर मारत बसून बॅटरी संपवू नये. बॉनेट उघडावे, पाण्यात पिळलेले फडके पंपावर आणि नळीवर ठेवावे आणि चहा पिऊन यावे. पंप हाताला सोसवेल इतका निवला की गाडी एका हाकेत चालू होते. उतरताना मात्र चहाचा उपाय नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत पाय सतत ब्रेकवर राहिला तर लायनर तापून पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी ओढत राहते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच खरा आहे.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाची गॅस्केट फुगवते किंवा ठिसूळ करते, शिवाय हवेतील पाणी ओढून घेत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. (आपल्याच जिल्ह्यातील उसाने आपल्याच गाड्यांवर असा सूड उगवावा, हा योग मोठा मजेशीर आहे.) मेळाव्याआधी सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात. खर्च फार नाही. जळलेल्या वायरिंगपेक्षा तर नाहीच.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार किमान कोल्हापूरकरांनी करू नये. ज्या शहरात लाकडी पॅटर्न करणारा, वाळूच्या साच्यात बीड ओतणारा आणि ते लेथवर घासून देणारा हे तिघे हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे वॉटर पंपाची बॉडी किंवा ब्रेकचा ड्रम नवा घडवणे अशक्य नसते. मुंबई-पुण्याचे मालक त्यासाठी आपल्याकडे येतात. मेळाव्यात या कारागिरांसाठी एक मांडव जरूर ठेवा; चकाकत्या गाड्यांपेक्षा त्या मांडवात मला अधिक रस असेल.

पक्षकार

लिलावाबाबत कायद्याची बाजू मांडतो, कारण हौशी मंडळी येथेच अडचणीत येतात. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडताच विक्री पूर्ण होते आणि तो पडेपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. मालकाला राखीव किंमत ठेवता येते. पण स्वतः बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचे त्याने आधी जाहीर केले नसेल, तर त्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावणे बेकायदेशीर ठरते, आणि किंमत फुगवण्यासाठी खोट्या बोली लावल्याचे सिद्ध झाल्यास खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. ‘मेहुण्याला जरा दोन बोली लावायला सांगितले’ हे आपल्याकडे थट्टेत खपते, न्यायालयात खपत नाही.

शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यात रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून रंग आणि कण पाहिल्याशिवाय व्यापारी बोली लावत नाही. मोटारीच्या लिलावात ही सोय कशी देणार, हे आधी ठरवा. चॅसी आणि इंजिन यांवर कोरलेले क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात का, नोंदणी कोणाच्या नावे आहे, वारसांची संमती आहे का, कर थकला आहे का, ही माहिती प्रत्येक गाडीपुढे फलकावर लिहिलेली असावी. विशेषतः वारसांचा मुद्दा दुर्लक्षू नये. वडील वारल्यानंतर गाडी त्यांच्याच नावे राहिलेली असते, एक भाऊ ती लिलावात उभी करतो आणि दुसरा हातोडा पडल्यावर मैदानात उगवतो.

सांगलीची मॉरिस

लिलावाविषयी येथे सर्वांचा सूर नकारात्मक दिसतो, म्हणून दुसरी बाजू नोंदवते. आमच्या भागात द्राक्षबागांच्या शेडमध्ये, वाड्यांच्या सोप्यात, कडब्याच्या गंजीमागे अशा गाड्या आजही उभ्या आहेत, ज्यांचे मालक वयस्कर आहेत आणि ज्यांच्या मुलांना त्यांत काडीचा रस नाही. या गाड्यांना खरेदीदार भेटतो तो भंगारवाला; तो वजनावर भाव करतो आणि एका दुपारी गॅस कटरने विषय संपवतो. खुला लिलाव झाला तर त्या म्हाताऱ्या मालकाला चार हौशी माणसांपुढे गाडी उभी करता येईल आणि तिची खरी किंमत काय, हे निदान त्याच्या कानावर पडेल. हौस आणि पैसा यांचे वैर आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही.

अर्थात अपेक्षांना लगाम घालावा लागेल, हे खरे. २०२२ मध्ये श्टुटगार्ट येथे १९५५ सालची मर्सिडीझ ३०० एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’ साडेतेरा कोटी युरोंना विकली गेल्याची बातमी आली, तेव्हापासून ज्याच्या दारात गंजलेली अ‍ॅम्बॅसेडर आहे त्यालाही आपण कुबेर आहोत असे वाटू लागले आहे. त्या कूपेच्या केवळ दोनच गाड्या जगात घडल्या. अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. म्हणून माझी सूचना अशी की, लिलावात फक्त अशाच गाड्या घ्याव्यात ज्यांना घर सोडायचेच आहे, आणि त्यातही बंद पडलेल्या, अपुऱ्या, मूळ रंग उडालेल्या गाड्यांना प्राधान्य द्यावे. मूळ रंगावर वाटेल तसा नवा रंग फासण्यापेक्षा ती गाडी आहे तशी पुढच्या मालकाच्या हाती गेलेली बरी.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली मते मंडळींपुढे वाचून दाखवली आणि बराचसा गुंता सुटला. शनिवारी पहाटे फेरी, दुपारपासून रविवार सायंकाळपर्यंत प्रदर्शन, असा क्रम नक्की झाला आहे आणि वाद्यांची शोभायात्रा रद्द केली आहे. समान गुण पडल्यास फेरी पूर्ण केलेल्या गाडीला पसंती देण्याचा नियमही आम्ही उचलला आहे. लिलाव रविवारी सकाळी, फक्त विकायच्याच गाड्यांचा, वेगळ्या मांडवात होईल आणि आदल्या दिवशी प्रत्येक इच्छुकाला गाडीखाली वाकून पाहण्याची मुभा असेल. कागदपत्रे अपुरी असतील त्या गाडीवर बोली पुकारली जाणार नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. कारागिरांच्या मांडवाचे भाडे घ्यायचे नाही, हेही ठरले.

एकच शंका उरते. जानेवारीत उसाचे गाळप जोरात असते आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत रांगेने भेटतात. त्यांच्या मागे अडकल्यास तोच संथ चालीचा आणि रेडिएटरचा प्रश्न उभा राहणार नाही का?

उद्यमनगर

राहील, म्हणून साडेसहाला पूल ओलांडलेला असावा. त्या वेळी थंडी असते, इंजिन गार राहते आणि वाघबीळच्या वळणावर पोहोचेपर्यंत उजाडते. मात्र पहाटेच्या धुक्यात ट्रॉल्यांना मागचे दिवे बहुधा नसतात आणि आपल्या सहा व्होल्टच्या गाड्यांचे दिवे तर शेजाऱ्याने कंदील धरावा इतपतच. तेव्हा सहा व्होल्टच्या गाड्या मध्ये ठेवा, पुढे आणि शेवटी एकेक नवी गाडी चारही इंडिकेटर लावून चालवा आणि ट्रॉलीला ओलांडण्याची घाई कोणीही करू नये, असे निघण्यापूर्वीच बजावा. शेवटच्या गाडीत पाण्याचे दोन कॅन, फॅन बेल्ट, ओढायचा दोर आणि एक फिटर असू द्या. फिटर म्हणून मी येईन. न्याहारीची सोय मात्र पन्हाळ्यावर झुणका-भाकरीची असावी.