पाच मिनिटांचे तुकडे

'अझुमांगा दाइओह' ही शाळकरी मुलींवरची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका तुटक वाटते, एक प्रसंग रंगतोय तोवर दुसराच सुरू होतो, अशी तक्रार काही जण करतात, ती पटते. पण त्यामागे एक कारण आहे. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) चार चौकटींच्या पट्ट्यांची, आणि २००२ मध्ये जपानी टीव्हीवर ही मालिका सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटं दाखवत; ते पाच तुकडे जोडून मग एक भाग व्हायचा. असे १३० तुकडे, २६ भाग. दुसऱ्यांदा मी रोज एकच तुकडा पाहिला, तेव्हा ओसाका नावाच्या मुलीचं शून्यात बघत राहणं फार आवडलं. तिची वर्गमैत्रीण साकाकी मांजराला गोंजारायला जाते आणि ते चावतं, हेही मग शिळं होत नाही.

किमुरा सरांचं मुलींकडे बघणं मात्र कसंही पाहिलं तरी खटकतं. ते पात्र असं लिहायलाच नको होतं.