मूल: आत्ता की थांबून? तयारी झालीय हे कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहितेय, कारण हा विषय ओळखीतल्या कुणाशी बोलता येत नाहीये. मी 33, नवरा 36. वाकडला राहतो, दोघंही खासगी नोकरीत. मूल नकोच असं आमच्यापैकी कुणाचंच नाही. आत्ता की थांबून, एवढ्यावर अडलंय, आणि ते मी अडवलंय असं घरात सगळ्यांचं मत.

आधी पैशाचं. दोघांचे मिळून 1 लाख 60 हजार हातात येतात. फ्लॅटचा हप्ता 52 हजार, अजून 14 वर्षं. कऱ्हाडला सासरी दरमहा 15 हजार, कारण साबुंना (सासरेबुवांना) पेन्शन नाही आणि दोघांची औषधं चालू. किराणा, पेट्रोल, सोसायटी, मावशींचा पगार, एसआयपी जाऊन 30-35 हजार उरतात. लग्नकार्य निघालं की तेही नाही. बाजूला साधारण 4 लाख आहेत. इथल्या हॉस्पिटलांत नॉर्मलचे 70-80 हजार आणि सिझेरियनचे दीड लाखाच्या आसपास सांगितले. तो खर्च एकदाचा, निघेल.

माझं घोडं पेंड खातंय ते पुढे. रजा संपल्यावर बाळ कुणाकडे? आईचे गुडघे गेलेत, साबा (सासूबाई) आणि साबु कऱ्हाड सोडायला तयार नाहीत. बरं पाळणाघर दिवसभराचे 12-15 हजार घेतं आणि सातला बंद होतं. हिंजवडीहून मी सातच्या आत पोचले तर त्या दिवशी पेढे वाटावेत. दिवसभराची बाई ठेवायची तर 20 हजारांच्या पुढे, आणि ती न सांगता गावी गेली की बसा.

त्यात मला दुसरीकडून ऑफर आलीय. पगार 25 टक्के जास्त, आठवड्यातून तीन दिवस घरून काम. पण गेल्या गेल्या दिवस राहिले तर रजा मिळते का? आणि विमा? आम्ही स्वतः घेतलेल्या पॉलिसीत मॅटर्निटीला तीन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे, त्यातलं एकच संपलंय. एजंटने विकताना अवाक्षर काढलं नव्हतं.

नवरा म्हणतो, "होतं गं सगळं. आपल्या आईबाबांनी कुठं एक्सेल उघडलं होतं?" त्याच्या घरी वाड्यात आजी, दोन काकू आणि आत्या होती, हे त्याला सांगून झालंय.

आता दुसरं, जे लिहायला जड जातंय. माझे बाबा तापट. हात उगारला नाही कधी, पण ताट भिरकवायचे आणि मग रात्रभर घरात कुणी बोलायचं नाही. माझा आवाज चढला की मला तोच आवाज ऐकू येतो. मध्यंतरी बहिणीच्या बाळंतपणात तिच्याकडे राहिले होते. भाचा गुबगुबीत, मांडीवर झोपला की उठवत नसे. पण एका रात्री अडीचला तो रडायचा थांबेचना, तेव्हा माझ्या आत जे उसळलं ते चांगलं नव्हतं. त्याला पाळण्यात ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ओट्यावर बहिणीचा संध्याकाळचा चहा बशीखाली तसाच, साय धरलेला. ती उठली, त्याला घेतलं, मला काही म्हणाली नाही. ती मुळातच शांत आहे. मी नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलोय. थायरॉइड, साखर वगैरे ठीक. फोलिक ॲसिड आतापासूनच सुरू करा म्हणाल्या, आणि पस्तिशीनंतर शक्यता वेगाने कमी होते, फार रेंगाळू नका, हेही. साबांचं दर फोनला "काही बातमी?" असतंच.

तर ऑफर घ्यावी का? गाठीला किती असताना तुम्ही हो म्हणालात? आणि ज्यांना स्वतःच्या रागाची भीती वाटत होती त्यांनी काय केलं? "मूल झालं की माया आपोआप येते" हे कृपया नको, ऐकून कान किटलेत.

शेवगा:
एचआरमध्ये आहे म्हणून रजेचं सांगते. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीआधी. अट अशी की अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या कंपनीत 80 दिवस काम झालेलं हवं. रुजू झाल्यावर लगेच दिवस राहिले तरी तुम्ही त्यात बसता. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणंही बंधनकारक आहे. सही करण्याआधी विचारा. कंपनीच्या ग्रुप विम्यात मॅटर्निटीला बहुधा वेटिंग नसतं, पण रकमेला मर्यादा असते. बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, तेही विचारा. आणि नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी बघितलीत का?

दगडफूल:
पाळणाघर सातला बंद, मी हिंजवडीहून, मी पोचले तर... नवरा किती वाजता येतो हे अख्ख्या पोस्टमध्ये नाही. मी बाप आहे. खासगीत आम्हाला पितृत्व रजेचा कायदा नाही (केंद्र सरकारी नोकरांना 15 दिवस मिळतात), म्हणून रजा आधीपासून साठवली आणि बायको रुजू झाली तेव्हा घरी बसलो. "मदत करशील का" विचारू नका, कोणते वार तुझे ते लिहून घ्या.
पैशाचं म्हणाल तर 4 लाख म्हणजे तुमचा जेमतेम तीन महिन्यांचा खर्च. पाळणाघर, डायपर, डॉक्टर धरून 25 हजार आत्तापासूनच वेगळ्या खात्यात टाकायला लागा. ओढाताण कळेल, आणि रक्कमही वाढेल. एवढं कर्ज डोक्यावर असताना दोघांचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तो आधी.

काजवा:
रागाबद्दल. बाळाला सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहा, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. तुम्ही ते न सांगता केलंत. मी दिवस राहण्याआधीच समुपदेशकाकडे जायला लागले आणि माझ्या डॉक्टरांनाही घरचा इतिहास सांगितला, त्यामुळे बाळंतपणानंतर त्या दर भेटीत झोपेचं, चिडचिडीचं विचारायच्या. फोनवर सुरुवात करायची असेल तर टेली-मानस 14416, सरकारी आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. नवऱ्याच्या पॉलिसीत मी आहे, मॅटर्निटीला 50 हजारांची मर्यादा निघाली. नव्या कंपनीला पाळणाघराचं विचारलंय, उत्तर यायचंय. दगडफूल, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. मंगळवार आणि गुरुवार त्याने घेतलेत, शुक्रवारवरून वाद चालू आहे. काजवा, औंध-पिंपळे सौदागर भागातलं कुणी चांगलं समुपदेशक माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? शनिवारी वेळ देणारं असेल तर फारच बरं.