शब्दचर्चा : सर्व्हिसिंग ‘चुकली’ की ‘चुकवली’?

सिंहगडरोडकर :
रडगाणं गाडीचं आहे, पण अडलंय शब्दांपाशी, म्हणून इथे टाकते. गाडी अडीच वर्षांची. वॉरंटी तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. मागच्या महिन्यात वारज्याच्या पुलाखाली वळताना स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. समोर पिवळा दिवा, स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. सर्व्हिस सेंटरला गाडी लावली, त्यांनी स्कॅनर जोडला आणि पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली म्हणून सांगितलं. खर्च ३८ हजार. वॉरंटीत धरा म्हटलं, तर चार दिवसांनी मेल आला, तोही चक्क मराठीत :

“आपण नियतकालिक सेवा चुकवल्यामुळे आपली हमी शून्य झाली असून आपला दावा नाकारण्यात येत आहे.”

झालं होतं एवढंच, की दुसऱ्या वर्षाची सर्व्हिसिंग चार महिने उशिरा झाली. बाबांचं ऑपरेशन होतं, मी तिकडे, गाडीही गुहागरला दारात उभी. गाडी जेमतेम १४ हजार किलोमीटर चालली होती, पण पुस्तकात लिहिलंय ‘२० हजार किलोमीटर किंवा २ वर्षं, जे आधी होईल ते’. वर्षं आधी झाली. परत आल्यावर त्यांच्याकडेच सर्व्हिसिंग करून घेतली. त्यांनी पैसे घेतले, पुस्तकात शिक्का मारला. वॉरंटी गेली असं तेव्हा कुणी चकार शब्दानं बोललं नाही.

उत्तर लिहायला बसले आणि अडले. मी सर्व्हिसिंग ‘चुकवली’ का? हमी ‘शून्य’ होते म्हणजे नेमकं काय होतं? आणि या नकाराला मी जे करणार आहे त्याला काय म्हणायचं : आक्षेप, हरकत, तक्रार की अपील?

शब्दवेडा :
पहिल्या शब्दालाच आधी पकडू, कारण त्यांनी एका ‘व’मध्ये तुम्हाला आरोपी करून टाकलंय. चुकणं आपोआप होतं, चुकवणं कुणीतरी करतं. बस चुकली, म्हणजे माणूस धावत होता आणि बस निघून गेली. तास चुकवला, म्हणजे पठ्ठ्या कॉलेजमागे चहा पीत बसला होता. नजर चुकवणे, घाव चुकवणे, कर चुकवणे... सगळीकडे हेतू आहे. तुमची सर्व्हिसिंग चुकली. खरं तर तीही चुकली नाही, लांबली.

एक शंका येते. तो मेल हिंदीवरून मराठीत उतरवलेला असावा. हिंदीत ‘चूकना’ आणि ‘चुकाना’ हे निराळेच संसार आहेत. हिंदीत ज्याने ‘कर चुकाया’ तो इमानदारीने भरणारा, मराठीत ज्याने कर चुकवला तो करबुडवा. एखाद्या बँकेकडून उद्या ‘हप्ता चुकवल्याबद्दल धन्यवाद’ असा निरोप आला तर दचकू नका.

आणि आपला ‘खाडा’ विसरू नका. दूधवाल्याचा, कामवाल्या मावशींचा, पोहण्याच्या क्लासचा. दिनदर्शिकेवर फुली मारली की झाला खाडा. त्यात दोष कुणाचा हे मुळात नाहीच, फक्त त्या दिवशी झालं नाही एवढी नोंद. सर्व्हिसिंगचा खाडा पडला, असं म्हणा.

रोखठोक :
शब्दांची गंमत छान आहे, पण पुस्तकात अट आहे आणि सही करून पुस्तक घेतलंय. अट ती अट. चुकली काय, चुकवली काय, तारीख तर उलटली ना?

ग्रीसचे हात :
ताई, मी चिपळूणला गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. शब्द तुमचे तुम्ही बघा, मी मोटरचं सांगतो.

तुमच्या गाडीचं स्टिअरिंग विजेवर चालतं. स्टिअरिंगच्या दांड्यालाच एक मोटर बसवलेली असते. तुम्ही किती जोर लावताय ते एक सेन्सर ओळखतो आणि कंट्रोलर तेवढी मदत मोटरकडून घेतो. जुन्या गाड्यांना हायड्रॉलिक असायचं, पंप, पट्टा, ऑइल. ते ऑइल कमी झालं की पंप रडायचा. तुमच्यात ऑइलच नाही. वर्षाच्या सर्व्हिसिंगला काय होतं? इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर साफ किंवा नवा, ब्रेक बघायचे, टायर पुढचे मागे, बॅटरीची टोकं पुसायची. ती मोटर कुणी उघडत नाही. उघडायची नसतेच.

मग चार महिने उशीर झाला म्हणून ती गेली कशी? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

हां, एक विचारतो. गुहागरला उभ्या गाडीची बॅटरी उतरली होती का? व्होल्टेज पडला की स्टिअरिंगचा दिवा लागतो. पण बॅटरी चार्ज केली की तो जातो, त्याने मोटर जळत नाही. खारं वारं कनेक्टरला लागून हिरवा गंज चढला असेल तर ती वेगळी गोष्ट. ते आधीच त्यांच्याकडून लिहून घ्या.

आणि रोखठोक साहेबांचंही थोडं खरं आहे. डिझेल गाडी असती, ऑइल वेळेवर बदललं नसतं आणि टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) गेला असता, तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो नसतो. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखभर फेऱ्या फिरतो. ऑइल जळून त्याचा चिकट गाळ झाला की नळी चोंदते आणि बेअरिंग कोरडं पडतं. तिथे सर्व्हिसिंग न करणं हेच कारण.

शब्दवेडा :
वा. दादा, तुम्ही नकळत या धाग्यातला खरा शब्द काढलात. कारण.

मराठीत याचे तीन भाऊ आहेत आणि आपण त्यांच्यात फार गल्लत करतो. कारण, निमित्त, सबब. टर्बो कोरडा पडला, त्याचं कारण जळलेलं ऑइल. निमित्त मात्र घसरत गेलेला शब्द आहे. न्यायशास्त्रात निमित्तकारण हे खरंखुरं कारण असतं : घट बनतो मातीचा, पण बनवतो कुंभार, तो निमित्तकारण. बोलण्यात मात्र ‘पावसाचं निमित्त झालं आणि भिंत पडली’ असं म्हणताना भिंत आधीच कुजलेली होती हे आपल्याला ठाऊक असतं. आणि सबब म्हणजे पुढे केलेलं कारण, ज्यावर सांगणाऱ्याचाही फारसा विश्वास नसतो. ‘डोकेदुखीची सबब सांगून घरी राहिला.’

तर सिंहगडरोडकर, तुमचा सगळा झगडा एका ओळीत मांडता येतो. सर्व्हिसिंगचा उशीर हे मोटर बिघडण्याचं कारण नाही, क्लेम न देण्याची सबब आहे.

मिरजेची :
काका, ‘सबब’ एवढा बदनाम करू नका, आमचं पोट त्याच्यावर चालतं. मी ग्राहक आयोगात वकिली करते. मराठीतला कुठलाही निकाल उघडा, शेवटाकडे हमखास वाक्य असतं : “सबब, आम्ही खालीलप्रमाणे आदेश पारित करतो.” तिथे सबब म्हणजे ‘म्हणून’. अरबीत सबब म्हणजे कारणच, तो मूळ अर्थ दप्तरात टिकला आणि घराघरात त्याची पळवाट झाली. दोन्ही अर्थ आज सुखाने नांदतात.

आता ‘शून्य’. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मध्ये शून्य करार म्हणजे ज्याची कायद्याने अंमलबजावणीच होऊ शकत नाही असा करार. ज्याला एक बाजू मोडू शकते तो ‘शून्यकरणीय’. हे जड शब्द आहेत, सर्व्हिस सेंटरच्या मेलमध्ये ते घालायचं कारण नव्हतं. त्यांना म्हणायचंय ‘वॉरंटी गेली’. पण तेसुद्धा दोन प्रकारे जातं. पूर्ण वॉरंटी रद्द झाली, की या भागापुरती लागू नाही? पत्रात हाच प्रश्न विचारा. बहुतेक पुस्तकांत ‘सर्व्हिसिंग न केल्यामुळे उद्भवलेला बिघाड’ असा शब्दप्रयोग असतो. ‘मुळे’ हा एवढासा प्रत्यय पुस्तकात आहे का, ते भिंग लावून बघा. असेल तर मोटर बिघडल्याचा संबंध त्यांनी दाखवायला हवा. नसेल, नुसतं ‘सर्व सर्व्हिसिंग वेळेवर केलेली असावी’ असं असेल, तर रोखठोक यांची बाजू बळकट होते, आणि मी तुम्हाला जिंकालच असं सांगणार नाही. तरी उशिरा केलेली सर्व्हिसिंग त्यांनीच स्वीकारली, शिक्का मारला, हा मुद्दा उरतोच.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. कंपनीला लिहिताना ‘हरकत’ नको, हरकत आधी घेतात, होऊ घातलेल्या गोष्टीला. अपील वरच्या पायरीवर असतं, खाली निकाल लागलेला असावा लागतो. कंपनीचा नकार हा निकाल नव्हे, त्यांनी स्वतःच न्यायाधीश होऊन लिहिलं असलं तरी. सरळ लिहा : ‘आपला नकार मला मान्य नाही.’ आयोगात जाल तेव्हा ती ‘तक्रार’, तुम्ही ‘तक्रारदार’. दिवाणी न्यायालयात ‘दावा’, आयोगात तक्रार, ही गल्लत नको. समोरच्याला काय म्हणतात याची मात्र गंमत आहे. कुठे सामनेवाला, कुठे जाबदेणार, कुठे विरुद्ध पक्ष, कुठे गैरअर्जदार. चारही मराठीच, चारही निकालांत सापडतात. मला ‘सामनेवाला’ आवडतो, कुस्तीचा फड डोळ्यांपुढे येतो.

रोखठोक :
आयोगात जायला फी किती? की ३८ हजारांसाठी ५० हजार घालवायचे?

मिरजेची :
गाडी किती लाखांची, त्यावर. तक्रारीचं मूल्य दुरुस्तीच्या खर्चावर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. नकार मिळाल्यापासून दोन वर्षांत दाखल करा. वकील लागतोच असं नाही (हे मी सांगतेय याची नोंद घ्या). त्याआधी १९१५ वर फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, कधीकधी तेवढ्यावर सुटतं.

एडिसनकर :
इथे न्यू जर्सीत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा लागतो, त्यामुळे आमच्याच डीलरकडे सर्व्हिसिंग करा नाहीतर वॉरंटी नाही, असं कंपनीला सहसा म्हणता येत नाही. पण मी आलोय वेगळ्या कारणाने. वॉरंटी आणि गॅरंटी हा मुळात एकच शब्द आहे, ठाऊक आहे का? नॉर्मनांच्या फ्रेंचमध्ये ‘व’, पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये ‘ग’. विल्यम आणि गियोम जसे एकच. इंग्रजीने दोन्ही दारांतून तोच पाहुणा आत घेतला.

शब्दवेडा :
आणि मराठीने दोघांनाही ‘हमी’ हे एकच पांघरूण घातलं. हमीभावात सरकार हमी देतं. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७, तिथेही गॅरंटीला हमी. गाडीच्या पुस्तकातही हमी. बोलण्यात मात्र लोकांनी आपला भेद केलाय. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळेल, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळेल, असं दुकानदार सांगतो. आणि रस्त्यावर चार्जर विकणारा स्वच्छ सांगतो, गॅरंटी-वॉरंटी काही नाही साहेब, इथेच लावून बघा.

मिरजेची :
दुकानदाराचा भेद कायद्यात नाही बरं का. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मध्ये जोडी वेगळी आहे : शर्त आणि हमी. शर्त म्हणजे कराराचा गाभा, ती मोडली तर माल परत करता येतो. हमी गाभ्याला जोडून आलेली, ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. म्हणजे आपण जिला ‘अटी व शर्ती’ म्हणून एका दमात उच्चारतो, त्यातली शर्त ही फार मोठी बाई आहे.

सिंहगडरोडकर :
पुस्तक काढलं. भिंग लावलं. छापलंय : ‘विहित सर्व्हिसिंग न केल्यामुळे निर्माण झालेले दोष.’ मुळे आहे! बॅटरी उतरली नव्हती, बाबांचा शेजारी आठवड्यातून एकदा गाडी सुरू करत होता. पत्र असं लिहिलंय, शब्द तपासा :

“दुसऱ्या वर्षाची सर्व्हिसिंग चार महिने उशिरा झाली, हे मला मान्य आहे. ती मी चुकवली, हे मान्य नाही. ती आपणच केली व पुस्तकात शिक्का मारला. त्या सर्व्हिसिंगच्या कामांत स्टिअरिंगच्या मोटरचे कोणते काम होते आणि ते उशिरा झाल्यामुळे मोटर कशी बिघडली, हे लेखी कळवावे. जॉबकार्ड आणि स्कॅनरच्या अहवालाची प्रत द्यावी. वॉरंटी संपूर्ण रद्द केली आहे की या भागापुरती लागू नाही, हेही स्पष्ट करावे. आपला नकार मला मान्य नाही. सबब, मोटर वॉरंटीत बदलून मिळावी.”

शब्दवेडा :
‘सबब’ ठेवायचाच का? वाचणाऱ्याला तुम्हीच सबब सांगताय असं वाटेल.

मिरजेची :
ठेवा. त्यांच्या विधी विभागाला बरोबर कळेल.

रोखठोक :
पत्र चांगलंय. ‘लेखी’च्या खाली रेघ मारा.

ग्रीसचे हात :
आणि ताई, नाइलाजाने पैसे भरून मोटर बदललीत, तर जुनी त्यांच्याकडे सोडू नका, डिकीत टाकून घरी आणा. ती एकदा भंगारात गेली की कारण काय आणि सबब काय, दाखवायला काही उरत नाही.