गिटार शिकताय? सातारा-सांगलीकरांनो, सरावाचं नेमकं काय ते इथे लिहा

परीक्षा संपल्या की घरोघरी गिटार येते आणि पावसाळा लागेपर्यंत बरेच जण ती खुंटीला टांगतात. "माझी बोटंच तशी नाहीत" हे कारण हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा अडचण बोटांत नसतेच, ती वाद्यात किंवा सरावाच्या पद्धतीत असते. म्हणून हा धागा. शिकवणाऱ्यांनी, दुरुस्ती करणाऱ्यांनी, भजनात-वाद्यवृंदात साथ करणाऱ्यांनी लिहावं. आपली कहाणी नको. काय करायचं, काय बिघडतं आणि का, तेवढं द्या. बोलताना सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी, एवढं ठरवून घेऊ.

मिरज, वाद्यदुरुस्ती

सुरुवात वाद्यापासूनच करा. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी धरून फ्रेटचा माथा आणि तार यांतलं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास अंतर हवं. साडेतीन-चार भरत असेल तर नवशिक्यानं त्या गिटारवर बोटं झिजवू नयेत. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची (पोटावर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरची) पांढरी पट्टी, खालच्या बाजूनं घासून तार खाली आणता येते. हिशेब असा की बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचं तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. वरून घासू नका, तिथली गोलाई जाते.

दुसरी तपासणी नटची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे केसाएवढी फट दिसली पाहिजे. स्वस्तातल्या नव्या गिटारींत ती बरीच जास्त असते, कारण कारखान्यात खाचा पुरत्या खोल केलेल्या नसतात. एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) न लागण्याचं हे मोठं कारण आहे. खात्री करायची असेल तर तोच बार, म्हणजे सगळ्या तारांवर आडवी दाबलेली तर्जनी, पाचव्या फ्रेटवर धरा. तिथे सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या आणि पहिल्या फ्रेटवरच मेल्या, तर आधी नट तपासून घ्या.

आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांत घोडी घासून जवारी काढणं हीच खरी कारागिरी, कारण तारेचा तो झंकार हवा असतो. गिटारला तो नको. झणझण आवाज आला की कुठे येतो ते शोधा. फक्त मोकळी तार झणझणते तर नटची खाच जास्त खोल गेली आहे. एकाच ठिकाणी येतो तर पुढचा फ्रेट उंच आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे येतो तर मान फार सरळ किंवा मागे वाकली आहे. अशा वेळी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान-पोट जुळतात त्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या फ्रेटजवळची फट बघायची. पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी हवी. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला धातूचा दांडा, फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेरा, मग तारा पुन्हा सुरात लावून बघायचं. त्याहून जास्त घरी करू नका.

सातारा, पोवई नाका, क्लास घेतो

मिरजकर काका म्हणतात ते शंभर टक्के खरं. आता वाद्य ठीक आहे असं धरून पुढचं.

रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी तीन तास बसणारे मागे राहतात, कारण बोटांची सवय एका बैठकीत मुरत नाही आणि कोवळी कातडी तेवढा वेळ टिकत नाही. दोन मिनिटं सुरात लावणं, तीन मिनिटं अलंकार, सात मिनिटं कॉर्ड बदलणं, उरलेला वेळ गाणं. गाणं शेवटी, पण रोज. ते वगळलं की पोरं कंटाळतात.

कॉर्ड धरणं अवघड नसतं, बदलणं अवघड असतं. म्हणून ज्यांत बोटं जागेवर राहतात अशा जोड्या आधी घ्या. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर. आता फक्त अनामिका उचला आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. झाला सी. बाकीची दोन बोटं हलवायचीच नाहीत. शिकणारे नेमके तिथेच सगळा हात उचलतात आणि दर वेळी नव्यानं जागा शोधत बसतात. ई मेजरवरून ए मायनरला जाताना तोच आकार जसाच्या तसा एक तार बारीक बाजूला सरकतो. जीमध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर ठेवायची सवय लावलीत, तर डीला जाताना अनामिका तिथेच राहते.

मोबाईलवर एक मिनिट लावा आणि एकाच जोडीचे किती स्वच्छ बदल होतात ते मोजून वहीत लिहा. मिनिटाला तीस झाले की ती जोडी गाण्यात चालते. अडखळत केलेले चाळीस धरू नका. मेट्रोनोम (ठराविक वेगानं ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला साठवर ठेवा आणि चार ठोक्यांना एक बदल करा. चुकलं तर वेग पन्नासवर आणा, बोटांवर जोर वाढवू नका. जोर कमी लागावा म्हणून बोट फ्रेटच्या पट्टीला लागून ठेवायचं, दोन पट्ट्यांच्या मधोमध नाही. एक चाचणी करा: तार दाबून हळूहळू बोट सैल सोडा आणि आवाज कुठे बिघडतो ते पाहा. खरा लागणारा जोर तेवढाच असतो. बहुतेक जण त्याच्या दुप्पट दाबतात.

इस्लामपूर

बोटांच्या शेंड्यांना दुखणं चालतं, दोन-चार आठवड्यांत कातडी घट्ट होते. आंघोळ झाल्यावर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवू नका, ओली कातडी सोलते. निघालेली कातडी ओढू नका. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं. तिथे बसण्यात किंवा अंगठ्यात चूक असते. गिटारचं पोट मांडीवर आडवं टेकवून वाजवताना पाहणं सोपं होतं, पण मनगट फार वळतं.

सांगली, विश्रामबाग, भजनी मंडळात साथ

आपल्याकडे गाणारा "सी शार्पमध्ये गातो" म्हणत नाही, "काळी एक" म्हणतो. म्हणून हे पाठच करा. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प.

आता कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. काळी चार हवी तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे कॉर्ड. काळी एक हवी तर पहिल्यावर कॅपो आणि सीचे. काळी दोनला पहिल्यावर डीचे, काळी पाचला पहिल्यावर एचे. काळी तीनला दुसऱ्यावर कॅपो आणि ईचे, किंवा चौथ्यावर कॅपो आणि डीचे. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर तारा परत तपासा, तो तारा थोड्या चढवतो. मंडळाची पेटी सूर लावायच्या ॲपशी तंतोतंत जुळेलच असं नाही. पेटी बदलता येत नाही, तेव्हा ॲप बाजूला ठेवून पेटीशी जुळवा: पाचवी तार पांढऱ्या सहाशी, मग पाचवी पाचव्या फ्रेटवर दाबून चौथी, चौथी तशीच दाबून तिसरी. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा फ्रेट, आणि दुसरीवरून पहिली परत पाचव्यावर. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचवीशी जुळली पाहिजे.

केरव्याच्या आठ मात्रांना हात असा: एकला खाली, तीनला खाली, चारला वर, सहाला वर, सातला खाली, आठला वर. दोन आणि पाचला आवाज नाही, पण हात हवेत फिरलाच पाहिजे. दोनला वर जातो, पाचला खाली येतो. तिथे हात थांबवला की लय ढासळते, आणि तबलजी लगेच वळून बघतो! दादऱ्यात एकला आणि चारला जाड तार, बाकीच्या मात्रांना बारीक तारांवर हलका हात. चारचा ठोका एकपेक्षा हलका. तालासाठी ०.६ ते ०.७ मिलिमीटरचं पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, घ्या. जाड पिक तारांत अडकतं.

अलंकारांसाठी पुस्तक लागत नाही. पाचवी तार मोकळी म्हणजे सा धरा. मग दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा हे फ्रेट म्हणजे रे ग म प ध नी आणि वरचा सा. नुसते मोकळी, दोन, चार, सात, नऊ, बारा वाजवले की भूप. तोंडानं सरगम म्हणत वाजवा, कान आणि बोट एकत्र तयार होतात.

पाटण

आमच्याकडच्या पावसाचं कुणी लिहिलं नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, पोटाची वरची फळी फुगून वर येते आणि तारा उंच होतात. जूनमध्ये दाबायला हलकी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये जड होते ती यामुळे. बंद केसमध्ये सिलिका जेल ठेवा, भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच येते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. माण-खटाव, जत, आटपाडीकडे उलटी अडचण येते. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचतात. उभ्या गाडीत उन्हात गिटार ठेवू नका, डिंक सैल होऊन ब्रिज उचलतो.

कऱ्हाड

एक विचारू का? तारा बदलल्या की दोन दिवस सारखा सूर उतरतो. खुंट्या खराब आहेत का?

मिरज, वाद्यदुरुस्ती

नाही ताई, खुंट्यांना आधी दोष नको. नवी तार ताणते. लावल्यावर बाराव्या फ्रेटजवळ बोटानं हळू वर ओढा, परत सुरात आणा, असं तीन-चार वेळा करा. खुंटीवर दोन-तीनच वेढे घ्या, एकावर एक चढू देऊ नका. सूर चढा झाला तर आधी उतरवून खालून वर आणा, वरून खाली आणून सोडलेली तार पुन्हा उतरते. शिकताना बारीक संच घ्या, ०.०१० किंवा ०.०११ इंचापासून सुरू होणारा. आणि नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला स्टीलच्या तारा कधीच लावू नका, तो ताण तिच्या पोटाला झेपत नाही.