मदत हवी आहे: कॉम्पॅक्ट एसयूव्हीला रेन व्हायझर, टेपचे घ्यावे की खाचेत बसणारे?

पाणंदवाला:

मृग लागला. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं आणि वाकुल्या दाखवून निघून जातं. पण एकदा झड लागली की काहीच बसवता येणार नाही, म्हणून आत्ताच विचारतो. रेन व्हायझर म्हणजे काच थोडी खाली असली तरी पाऊस आत येऊ नये म्हणून दाराच्या काचेवर लावतात ती पट्टी. टेपचे बाहेरून चिकटवतात, खाचेतले काचेच्या रबरात बसवतात.

गाव आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोल, २०२३ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यात लिहिलं होतं तर सगळे प्रतिसाद 'हीच काऊन घेतली' यावर आले आणि माझा वायपरचा प्रश्न तसाच राहिला.

अडचण अशी आहे की आईला बंद गाडीत मळमळतं. काच लावून एसी सुरू केला की दहा किलोमीटरच्या आत पिशवी काढावी लागते. काच चार बोटं खाली असली की ती गप्पा मारत बसते. महिन्यातून एकदा तिला सेवाग्रामला दवाखान्यात न्यावं लागतं, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. मागच्या पावसाळ्यात काच उघडी ठेवली तर तिचा खांदा, सीट, दारावरची काचेची बटणं, सगळं ओलं. बंद केली तर उलटी. बाबांचं आणखी वेगळं. ते खर्रा (सुपारी-तंबाखू) खातात. थुंकायला त्यांना दर पाच मिनिटांनी काच खाली लागते आणि मी वर घेतली की शेजारून आवाज येतो, "काऊन लावली बे काच?"

वर्ध्याच्या एका दुकानात गेलो तर त्यानं तीन सेट काउंटरवर मांडले. साधा काळपट ७०० रुपये. क्रोमच्या पट्टीचा १,२००. तिसरा खाचेत बसणारा, त्याला टेप लागत नाही, तो १,६००. "तिसराच घ्या, कंपनीतून आल्यासारखा दिसते," म्हणे. मटेरियल काय विचारलं तर "फायबर". आमच्याकडे जे काच नाही आणि लोखंड नाही ते सगळं फायबर.

टेपच्या व्हायझरचा माझा अनुभव वाईट आहे. आधीच्या छोट्या गाडीला मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, दुकानासमोर उन्हात उभी करून बसवून घेतले होते. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत मागचं डावं फडफडायला लागलं आणि एक दिवस आरशात दिसलं की ते सोयाबीनमध्ये चाललं. गाडी थांबवून शोधलं. अर्धंच सापडलं.

तर टेप की खाच? गडद की फिकट? आणि 'फायबर' म्हणजे नेमकं काय? वापरणाऱ्यांनी सांगा.

फुकटचा_सल्ला:

राजेहो, एसी फ्रेश एअरवर ठेवा अन् काचा लावा. हजार रुपये वाचले. त्या पैशात सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घाला.

पाणंदवाला:

भाऊ, आईचं वाचलंच नाही ना तुम्ही. तर्री-पोह्यानंतर तर प्रश्न आणखी वाढेल.

काचवाला_यवतमाळ:

भाऊ, मी अकरा वर्षं ॲक्सेसरीच्या दुकानात फिटिंग केलं आहे. आता शेती करतो, त्यामुळे कोणाचा माल विकायचा नाही, मोकळं बोलतो.

पयले फायबर. दुकानात मिळणारे बहुतेक व्हायझर ॲक्रिलिकचे असतात, काही पॉलिकार्बोनेटचे. ॲक्रिलिक उन्हात रंग चांगला धरतं, पण ठिसूळ. मार बसला की सरळ तडा. पॉलिकार्बोनेट वाकतं, सहजासहजी तुटत नाही, पण त्यावर यूव्हीचा (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा) थर नसेल तर आपल्या उन्हात पिवळं आणि धुरकट होतं. दुकानात ओळखायचं असेल तर दोन्ही टोकं धरून हळूच वाकवून पाहा. दुकानदार "तुटन ना भाऊ!" म्हणून ओरडला की समजा ॲक्रिलिक. तुमचं नाव पाणंदवाला आहे, म्हणजे बाभळीच्या फांद्या दाराला घासणारच. यूव्हीचा थर लिहिलेलं पॉलिकार्बोनेट मिळालं तर तेच घ्या. क्रोमच्या पट्टीचा उपयोग शून्य. पट्टी वेगळी चिकटवलेली असते, तिच्या फटीत माती बसते आणि दोन वर्षांत ती सोलते. मी शेकड्यानं विकल्या आहेत, म्हणून सांगतो.

आता तुमचं उडालेलं व्हायझर. लोक टेपला शिव्या देतात, पण चूक बहुतेक वेळा आकाराची किंवा बसवण्याची असते. दुकानात टेपचा कागद न काढता व्हायझर दारावर धरून पाहायचं. चौकटीवर ते आपोआप टेकलं पाहिजे. एक टोक टेकवल्यावर दुसरं अर्धा सेंटीमीटर उचललेलं राहत असेल आणि दाबून बसवावं लागत असेल तर घेऊ नका. टेप चिकटेल, पण व्हायझर स्प्रिंगसारखं रात्रंदिवस तिला ओढत राहील. 'सगळ्या एसयूव्हीला चालते' म्हणणाऱ्या सेटमध्ये हेच होतं. नेक्सॉनचं ब्रेझाला नाही आणि व्हेन्यूचं सोनेटला नाही. मॉडेलसोबत साल सांगूनच मागा.

आणि दुपारी दोनला उन्हात पत्रा हात लावू देत नाही, तिथे टेप कशी धरेल? थ्री-एम कंपनीच्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी चिकटवताना साधारण २१ ते ३८ अंश हे चांगलं तापमान. आपल्याकडे म्हणजे सकाळी सहा-सातला, सावलीत. आदल्या दिवशी गाडी धुवा. टेप बसणार त्या पट्टीवर पॉलिश, वॅक्स, टेफ्लॉन काही असेल तर ते उतरवा, हे शंभरातले नव्वद जण करत नाहीत. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून स्वच्छ फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. टेपचा कागद एकदम काढू नका. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोडवून बाहेर दुमडा, व्हायझर जागेवर धरा, सरळ आहे पाहा, मग कागद हळूहळू ओढत जा. नंतर पूर्ण लांबीवर अंगठ्यानं दाब. ही टेप दाबानंच पकडते. सुरुवातीच्या वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण पकड ७२ तासांनी. तोवर धुणं नाही, जोरात पळवणं नाही. आम्ही फिटिंग करून गिऱ्हाइकाला सांगायचो, तीन दिवस धुऊ नका. गिऱ्हाईक तिथूनच वॉशिंग सेंटरला जायचं.

वावरातली_गाडी:

मी कारंजा लाडचा. खाचेतले लावून पाहिले, म्हणून लिहितो. दिसायला खरंच सुंदर. काचेच्या रबराच्या खाचेत त्याची कड घुसते, बाहेर फार येत नाही, त्यामुळे फांदीला अडकायलाही कमी. पण त्या खाचेत काचेला जितकी जागा असते त्यातली थोडी हे खातं. माझ्या गाडीत ड्रायव्हरची काच एकदा बटण ओढलं की आपोआप वर जाते. व्हायझर बसवल्यावर ती वरपर्यंत जायची आणि कोणाचा हात अडकल्यासारखी स्वतःच खाली यायची. टोल नाक्यावर पावसात काच वर-खाली, वर-खाली, मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन ऱ्हायला, अन् मी बटणाशी भांडून ऱ्हायलो.

फिटरनं सांगितलं, खाचेत सिलिकॉन स्प्रे मारा आणि काचा पूर्ण वर करून दोन दिवस गाडी तशीच ठेवा, रबर बसतं. बसलं. पण आपला धुरळा! सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराचा भुसा त्या खाचेत जातो आणि काच करकरते. बाबांना दर पाच मिनिटांनी काच लागते म्हणता, तर मोटरवर दया करा. टेपचेच घ्या.

एक मात्र आहे. बाहेरच्या टेपवाल्यांचा समृद्धी महामार्गावर आवाज येतो. गावातल्या रस्त्यावर काही कळत नाही, पण १२० वर, काच जराशी उघडी असली की भणभण. मोठ्यानं गाणी लावतो आणि जातो.

फुकटचा_सल्ला:

गडद लावले तर पोलीस काळी फिल्म म्हणून पकडणार नाहीत का? २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली आहे ना.

काचवाला_यवतमाळ:

तो नियम काचेचा आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला पाहिजे, आणि कोर्टानं काचेवर फिल्म चिकटवायला मनाई केली. टेपचं व्हायझर काचेला चिकटत नाही, दाराच्या चौकटीला चिकटतं. तरी मी फिकटच सांगतो, पण कारण वेगळं आहे. ड्रायव्हरच्या दाराचा पुढचा कोपरा, जिथून आपण आरशाकडे पाहतो, तिथे गडद व्हायझर खाली उतरलेलं असेल तर रात्री पावसात बंडी (बैलगाडी) किंवा विनालाइटची सायकल त्या कोपऱ्यात हरवते. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, कोणाला तरी बाहेरून व्हायझर धरायला लावून आधी पाहा.

विज्ञानाच्या_बाई:

वरुडहून लिहिते. व्हायझरचं सगळं बरोबर सांगितलंय, पण आईंच्या मळमळीसाठी एक गोष्ट राहिली. पावसात काच इंचभरच उघडता येणार, आणि चालत्या गाडीत त्या फटीतून हवा आत कमी येते, बाहेर जास्त जाते. काचेवरून हवा वेगानं धावते, तिथे दाब कमी होतो आणि आतली हवा खेचली जाते. उदबत्ती नको, पण टिश्यू पेपरची पट्टी फटीजवळ धरून पाहा, बाहेर ओढली जाईल. म्हणजे व्हायझर लावून मागच्या काचा इंचभर उघड्या ठेवल्या तर आतली कोंडलेली हवा जाईल, पण ताजी हवा कुठून येणार? पुढच्या ब्लोअरमधून. म्हणून आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद ठेवा, एसी नको असेल तर नुसता पंखा दोनवर. आणि आईंना मागे बसवत असाल तर पुढे बसवा, नजर दूर रस्त्यावर राहिली की मळमळ पुष्कळ कमी होते.

फुकटचा सल्ला यांनी सुरुवातीला फ्रेश एअर म्हटलं होतं, ते तेवढं चूक नव्हतं.

फुकटचा_सल्ला:

बाई, हा प्रतिसाद फ्रेम करून लावतो.

पाणंदवाला:

ताई, आई मागेच बसते, कारण पुढे बाबा. मागून थुंकता येत नाही म्हणून. म्हणजे मागे बसलं की व्हायझरवर पडेल अशी त्यांना भीती, आणि मला खात्री. घरात हा विषय काढून पाहतो.

काचवाला भाऊ, तुम्हाला दंडवत. आज त्याच दुकानात जाऊन व्हायझर दारावर धरून पाहिलं. ७०० वालं मागच्या दारावर बोटभर उचललेलं राहिलं. दुकानदार म्हणाला, "दाबलं की बसते ना." मी म्हटलं, मागच्या वेळी पण बसलं होतं. शेवटी शोरूमचे अस्सलच घेतले, २,००० ला. न दाबता टेकले. फिकट आहेत, पाकिटावर पॉलिकार्बोनेट लिहिलंय.

पाणंदवाला (अकरा दिवसांनी):

अपडेट देतो, नाहीतर लोक म्हणतात काम झालं की गायब.

सकाळी सहाला, गोठ्याच्या सावलीत, मी आणि पुतण्यानं बसवले. पहिलं डावं पुढचं थोडं तिरकं गेलं, नीट पाहिलं तरच कळतं, आणि मी रोज नीट पाहतो. तीन दिवस गाडी हलवली नाही. चौथ्या दिवशी पाऊस आला, जसा काही वाटच पाहत होता.

काल सेवाग्रामला जाऊन आलो. जाताना सरळ झड, येताना रिपरिप. मागच्या काचा मोजून सव्वा इंच खाली ठेवल्या होत्या. साठच्या वेगात सीट कोरडी. मात्र फाटकावर गाडी उभी असताना वारा बाजूनं आला तेव्हा दोन-चार थेंब आत आले, तेवढं चालतं. दोन इंच उघडून पाहिली, तर मग व्हायझरचा काही उपयोग नाही, पाणी थेट आत. टिश्यूची पट्टी धरून पाहिली, ताई, खरंच बाहेर ओढली गेली. पुतण्या सगळ्या गावाला दाखवत फिरतो आहे.

आई पुढे बसली. पिशवी काढली नाही. वाटेत चहालाही थांबली, हे पहिल्यांदाच. बाबा मागे बसले आणि पूर्ण रस्ताभर रुसून खर्रा न खाता बसले, घरी आल्यावर दोन पुड्या एकदम.

एकच तक्रार. ऐंशीच्या वर मागच्या उजव्या व्हायझरमधून बारीक शिट्टी येते. काच बंद असतानाही. बाकी तिन्ही गप्प आहेत. टेप सुटतेय का?

काचवाला_यवतमाळ:

पुढच्या टोकाला जुनं एटीएम कार्ड घालून पाहा. आत सरकलं तर तेवढ्या जागी टेप धरली नाही, पुन्हा पुसून नवा तुकडा लावा, पाऊस उघडेल त्या सकाळी. सरकलं नाही तर खालच्या कडेजवळ कुंभारीण माशीनं मातीचं घर सुरू केलंय का ते बघा. आमच्याकडे दर पावसाळ्यात एक तरी गाडी शिट्टी वाजते म्हणून यायची आणि आतून घर निघायचं. हात घालण्याआधी काडी घाला.