ग्रुप-बाय म्हणजे खतावणीच ना?

धागाकर्ता (नागपूर)
पोरांना मराठीतून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. डिक्शनऱ्यांच्या (म्हणजे किल्ली आणि तिच्यापुढे किंमत अशा जोड्यांच्या) यादीला नवा आकार द्यायचा धडा आला की शब्दावर गाडी अडते. कळमन्याच्या बाजारात आलेला संत्र्याचा माल घ्या:

[{'गाव': 'काटोल', 'बहार': 'आंबिया', 'क्रेट': '४०'},
{'गाव': 'नरखेड', 'बहार': 'आंबिया', 'क्रेट': '३०'},
{'गाव': 'काटोल', 'बहार': 'मृग', 'क्रेट': '२५'}]

यातून एकच डिक्शनरी करायची: किल्ली गावाचं नाव, पुढे त्या गावाच्या सगळ्या नोंदींची यादी. या ग्रुप-बायला 'समूहीकरण' म्हटलं की पोरं माझ्याकडे नुसती बघत बसतात. मला 'खतावणी' सुचतो. रोजकीर्दीत नोंदी घडल्या तशा ओळीनं, खतावणीत त्याच नोंदी आपापल्या खात्याखाली. चालेल?

(आकडे अवतरणात का, असं कोणी विचारेलच. उघडं ४० लिहिलं तर पायथॉन चूक दाखवतं. अवतरणातलं '४०' मात्र इंट हे पूर्णांक करणारं फंक्शन बिनतक्रार चाळीस करून देतं.)

इतवारीवाला
शब्द झकास, पण अर्धा. आमच्या दुकानात अजून वह्या चालतात, म्हणून सांगून राहिलो. कीर्दीतली एक नोंद दोन खात्यांत जाते, एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. तुमच्या यादीतली नोंद एकाच गावाखाली जाते. शिवाय खतावणीत आपण नोंद उतरवून घेतो. पायथॉन कुठं उतरवतो? नोंद तीच, फक्त तिच्याकडे दोन वाटा. गावाखालच्या नोंदीत क्रेट बदलले की मूळ यादीतही बदललेच समजा.

धागाकर्ता
दोन खात्यांचा मुद्दा मान्य. पण 'खातं उघडणं' मी सोडणार नाही, कारण डिफॉल्टडिक्ट या खास डिक्शनरीचं वागणं त्यात नेमकं बसतं. नसलेलं गाव मागितलं की ते कुरकुर न करता रिकाम्या यादीसह नवं खातं उघडतं. नुसतं बघायला गेलात तरी! 'काटोळ' आहे का म्हणून चौकटी कंसात नाव घालून पाहिलं की 'काटोळ' नावाचं कोरं खातं तयार. बघायचंच असेल तर डिक्शनरीचं गेट हे फंक्शन वापरावं, ते खातं उघडत नाही.

वाचनमात्र
व्हेरिएबलला नाव काय देता? बातम्यांत 'जिल्हानिहाय आकडेवारी', 'तालुकानिहाय पाऊस' रोज वाचतो. 'निहाय' हा मराठीचा घरचा ग्रुप-बाय आहे. गावनिहाय, बहारनिहाय. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, तेव्हा गावनिहाय_नोंदी असं सरळ लिहा. क्रियेला खतावणी, फळाला निहाय.

इतवारीवाला
हे बरं आहे. आणि गावनिहाय क्रेटची बेरीज मारली की ती तेरीज. तो शब्दही वहीतलाच.

टंकाळू
एक भेद राखा. गावाला एकच नोंद बांधून डिक्शनरी केली तर ती खतावणी नव्हे. काटोलची दुसरी नोंद पहिलीच्या उरावर बसते, आंबियाचे ४० क्रेट गायब, मृगाचे २५ तेवढे उरतात. तिला मी 'सूची' म्हणेन, आणि किल्ली एकमेव असेल तिथंच वापरेन. आणि पायथॉनच्या इटरटूल्स या मॉड्यूलमधल्या ग्रुपबायला यातलं काहीच म्हणू नका. ते फक्त लागून आलेल्या सारख्या नोंदी एकत्र धरतं. वरच्या यादीत मधे नरखेड आहे, म्हणून काटोल दोनदा येईल. आधी गावाप्रमाणे लावून घ्यावं लागतं. त्याला 'सलग गट' पुरे.

वाचनमात्र
आणि उलट जायचं असेल तर? गावनिहाय वरून पुन्हा सपाट यादी?

इतवारीवाला
शब्द जो लावायचा तो लावा भाऊ, पण माल कोणत्या क्रमानं आला ते परत मिळणार नाही. काटोलच्या दोन्ही नोंदी आधी, नरखेड मागून. क्रम पाहिजे असेल तर खतावायच्या आधीच प्रत्येक नोंदीत 'अनुक्रमांक' घालून ठेवा.