प्रतिसाद: आउटबोर्डचं गिअर ऑइल दुधाळ होतंय

होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचं (आउटबोर्डचं) गिअर ऑइल बदलून चार फेऱ्यांत परत दुधाच्या चहासारखं झालं म्हणताय, म्हणजे पाणी आत येतंय हे नक्की, नुसतं ऑइल बदलत बसू नका. आधी पंखा काढा आणि शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलाय का बघा, आमच्या मालवणच्या होडीला हेच झालेलं, तंगूस शाफ्टभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या सीलच्या ओठात घुसून सील कापलं होतं आणि आम्ही आपले उगाच ऑइल काढायच्या ड्रेन स्क्रूवर संशय घेत बसलो. अर्थात स्क्रूचे वॉशर पण दरवेळी नवेच टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुने दाबून बसवतात लोक.

तंगूस नाही मिळाला तर ऑइल काढून गिअरच्या डब्याच्या वरच्या भोकातून हवा भरा, १० ते १५ पीएसआय, त्यापेक्षा जास्त नको नाहीतर चांगलं सील पण उलटेल. मग साबणाचं पाणी लावून पंख्याचा शाफ्ट, वरचा ड्राइव्ह शाफ्ट, गिअर बदलायचा रॉड सगळीकडे बुडबुडे बघा, शाफ्ट हाताने फिरवत फिरवत; बुडबुडे येतील तिथूनच गळतंय. सील बसवताना शाफ्टवर खाच पडलीये का तेही नखाने तपासा, खाच असेल तर नवं सीलही टिकत नाही.

आणि ऑइल नेहमी खालच्या भोकातून वर चढवत भरा हां.